काटा होईपर्यंत माल कुणाचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी एक हळद व्यापारी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, आधी माल बघा, मग बोलू." गणपती पेठेच्या बाजूला एका गोदामात ते मला घेऊन गेले. शटर अर्ध्यावर अडकलं होतं, वाकून आत शिरावं लागलं. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. थप्पीच्या खालच्या थरांतली पोती फुगून उसवली होती आणि फरशीवर पिवळा चिखल झाला होता. एक हळकुंड उचलून दाबलं तर बोटांत मऊ लागलं. त्याला हळदीचा वास राहिलाच नव्हता, नुसता कुबट वास.

हे व्यापारी खरेदीदार आणि गोदाम विकणाऱ्याचं. पुराच्या आधी त्यांनी दोन सौदे केले होते. पहिला ४० पोत्यांचा. त्याचा काटा, म्हणजे वजन, झालं होतं, पोत्यांवर खरेदीदाराची खूण मारली होती, बिल फाडलं होतं आणि निम्मे पैसेही पोचले होते. माल तेवढा उचलायचा राहिला होता. "गाडी पाठवा" म्हणून विकणाऱ्याने दोनदा फोन केला होता. दुसरा सौदा तोंडी, "तुमच्या त्या २०० पोत्यांच्या थप्पीतली ६० माझी" असा. भाव ठरला होता, पण पोती वेगळी काढलेली नव्हती.

खरेदीदाराचं म्हणणं, "माल मी उचललाच नाही, मग बुडाला तो माझा कसा?" विकणारा म्हणत होता, "सौदा झाला तेव्हाच माझा संबंध संपला." दोघंही मनापासून बोलत होते, आणि दोघंही अर्धेच बरोबर होते. कायद्याच्या हिशेबात ४० पोती खरेदीदाराची बुडाली आणि ६० पोती विकणाऱ्याची. एकच गोदाम, तेच पाणी, तीच माणसं.

असं का, हे ज्याला कळलं त्याला मालविक्रीचा निम्मा कायदा कळला. मी सांगलीत वकिली करते. माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेवर वाढलेली. या कायद्याची सगळ्यात जास्त गरज ज्यांना पडते, म्हणजे बागायतदार, अडत्ये, छोटे कारखानदार, दुकानदार, त्यांनाच तो कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

हा कायदा म्हणजे मालविक्री अधिनियम, १९३०. तो १ जुलै १९३० पासून लागू आहे आणि त्यात ६६ कलमं आहेत. त्याआधी मालविक्रीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातच होते, ७६ ते १२३ या कलमांत. १९३० मध्ये ते काढून वेगळा कायदा केला, तो बराचसा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून. भाषा जुनी आहे, पण मांडणी व्यापाऱ्याच्या रोजच्या व्यवहाराला धरून आहे.

'माल' म्हणजे कुठलीही जंगम वस्तू. हळद, गूळ, ट्रॅक्टर, म्हैस, शेअर्स हे सगळं माल. पैसा म्हणजे माल नव्हे, आणि कुणाकडून नुसतं येणं असेल तर ते येणंही माल नव्हे. जमीन माल नाही, पण तिच्यावर उभं असलेलं पीक माल आहे. म्हणून वेलीवरची द्राक्षं विकली तर त्या व्यवहाराला हाच कायदा लागतो. मोबदला पैशांत हवा. ज्वारी देऊन गूळ घेतला तर तो अदलाबदलीचा करार होतो, या कायद्यातली विक्री होत नाही.

सौदा लेखीच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. तोंडी ठरलेलं चालतं, फोनवर चालतं, वर्षानुवर्षांच्या रिवाजाने न बोलता झालेलंही चालतं. अडचण पुराव्याची येते. व्हॉट्सॲपवर "६० पोती, भाव ठरल्याप्रमाणे, सोमवारी उचलतो" एवढा एक मेसेज असला तरी कोर्टात तो मोठा आधार ठरतो. फक्त तो दाखल करताना कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मेसेज पुसू नका आणि जुना फोन विकून टाकू नका.

आता मूळ मुद्दा. कायदा दोन गोष्टी वेगळ्या मानतो, 'विक्री' आणि 'विक्रीचा करार'. मालकी आत्ता, या क्षणी बदलली तर विक्री. पुढे कधी किंवा काही अट पुरी झाल्यावर बदलणार असेल तर विक्रीचा करार. आपल्या बोलण्यात दोन्हींना 'सौदा झाला' असंच म्हणतात, आणि सगळे घोळ तिथून सुरू होतात. कारण २६ व्या कलमाचा साधा नियम असा की ज्याची मालकी त्याची जोखीम. माल जळाला, भिजला, चोरीला गेला, तर त्या क्षणी जो मालक होता त्याचं नुकसान. माल कुणाच्या गोदामात होता आणि पैसे किती दिले होते, यावर ते ठरत नाही.

लोकांच्या डोक्यात मात्र पक्कं बसलेलं असतं, 'पूर्ण पैसे मिळेपर्यंत माल माझा' किंवा 'ताब्यात येईपर्यंत माल त्याचा'. कायद्यात मालकीची वेळ आधी दोघांनी काय ठरवलं त्यावर ठरते. ठरवलं नसेल, आणि बहुतेक वेळा नसतंच, तर कायद्याचे ठोकताळे लागतात.

पहिला ठोकताळा २० व्या कलमाचा. ठरावीक, ओळखता येणारा माल उचलण्याच्या स्थितीत तयार असेल आणि करारात दुसरी अट नसेल, तर करार झाला त्याच क्षणी मालकी बदलते. पैसे नंतर द्यायचे असोत की माल नंतर उचलायचा असो. त्या ४० पोत्यांचं हेच झालं. काटा झालेला, खूण मारलेली, बिल फाडलेलं. ती पोती उभी विकणाऱ्याच्या गोदामात होती, पण होती खरेदीदाराची.

दुसरा १८ व्या कलमाचा. माल नेमका कोणता हे निश्चित होत नाही तोवर मालकी बदलूच शकत नाही. २०० पोत्यांतली ६० कुठली? वरची, खालची, दाराजवळची? देवालाही सांगता आलं नसतं. म्हणून ती विकणाऱ्याचीच राहिली. त्याने ६० पोती वेगळी काढून खरेदीदाराला कळवलं असतं आणि खरेदीदाराने हो म्हटलं असतं, तर त्या क्षणी मालकी गेली असती.

४० पोत्यांच्या बाबतीत आणखी एक बाजू मी तपासली. विकणारा मालक उरला नव्हता, तरी सांभाळणारा होता. दुसऱ्याचा माल ताब्यात असताना, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची जबाबदारी करार कायदा त्याच्यावर टाकतो. पाण्याचा इशारा आल्यावर त्याने स्वतःची पोती माळ्यावर चढवली असती आणि खरेदीदाराची खाली ठेवली असती, तर उत्तर फिरलं असतं. तसं झालं नव्हतं. सगळाच माल खाली होता. शिवाय माल उचलायला खरेदीदाराकडूनच उशीर झाला होता, आणि ज्याच्यामुळे उशीर होतो, त्या उशिरापायी झालेलं नुकसानही त्याच्याच अंगावर येतं.

विम्याचंही सांगते, कारण त्या महिन्यात सांगलीत किती जणांचे हात तिथे पोळले ते मी पाहिलं आहे. गोदामाचा विमा विकणाऱ्याच्या नावावर, आणि त्यात फक्त 'स्वतःचा माल' लिहिलेला. मग विकून झालेल्या पण न उचललेल्या मालाची भरपाई कोण देणार? इतरांचा सांभाळायला किंवा कमिशनवर ठेवलेला मालही विम्यात धरून घेता येतो. पॉलिसीचा कागद काढून त्यात तसं लिहिलंय का ते बघा.

तिसरा ठोकताळा शेतकऱ्याला सगळ्यात जवळचा, २२ व्या कलमाचा. माल ठरावीक आहे, तयार आहे, पण किंमत काढायला विकणाऱ्याने तो मोजून द्यायचा आहे. तर काटा होऊन खरेदीदाराला तसं कळेपर्यंत मालकी बदलत नाही. मार्केट यार्डात दुपारी हळदीचा भाव फुटला, वजन दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं आणि रात्री वळीव कोसळला, तर भिजलेली हळद विकणाऱ्याची. भाव क्विंटलवर ठरलाय, पण क्विंटल किती तेच अजून ठरलेलं नाही. खरेदीदार फक्त खात्री म्हणून स्वतःच्या काट्यावर पुन्हा वजन करणार असेल, तर गोष्ट वेगळी. त्याच्या वजनासाठी मालकी थांबत नाही.

आमच्या बागेत हे मी लहानपणापासून पाहत आले, फक्त तेव्हा कलम माहीत नव्हतं. द्राक्षाचा भाव आमच्याकडे चार किलोवर ठरतो. व्यापारी बागेत येतो, दोन-चार घड तोडून मणी चाखतो, गोडी बघतो, भाव बोलतो, जमलं तर थोडा विसार देतो. मग 'परवा तोडणी' म्हणतो आणि जातो. तो परवाचा दिवस कधी आठ दिवसांनी उगवतो. मधे ढग आले की आबांना, म्हणजे वडिलांना, झोप नसायची. रात्री दोन वाजता उठून ते अंगणात उभे राहायचे. आई म्हणायची, "बाग विकलीय की, आता व्यापाऱ्याला काळजी." बाग विकलेली नव्हती. तोडणी नाही, काटा नाही, म्हणजे पावसाने मणी तडकले तर आबांचेच. विसार घेतल्याने यात काही फरक पडत नाही. विसार म्हणजे करार झाल्याची खूण, तिने मालकी जात नाही.

काही जण अख्खी बाग उक्ती देतात, काटा न करता एक रक्कम ठरवून. तिथे मालकी कधी गेली हे शब्दांवरून ठरवावं लागतं. तोडणी कोणी करायची, औषध-पाणी कोणाकडे, पाऊस आला तर काय. उक्त्या व्यवहारात हे तीन प्रश्न ज्यांनी आधी बोलून घेतले नाहीत, त्यांची भांडणं माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात. "पाऊस पडला तर नुकसान व्यापाऱ्याचं" एवढी एक ओळ लिहून घ्यायला काही लागत नाही. वहीचं पान चालतं.

लिलावाचं थोडक्यात. ६४ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक ढीग हा वेगळा करार. हातोडा पडला की सौदा पक्का, असं कायदा म्हणतो, पण पुढे 'किंवा रिवाजाच्या रीतीने' असंही म्हणतो. आपल्या यार्डात हातोडा नसतो. शेवटची हाक होऊन भाव चिठ्ठीवर चढला की तोच हातोडा. तोपर्यंत बोली लावणाऱ्याला माघार घेता येते, नंतर नाही. आणि विकणाऱ्याने भाव चढवायला आपलाच माणूस गुपचूप उभा केला असेल तर खरेदीदाराला तो सौदा मोडता येतो. पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. कुणी काय बोललं ते शेतकऱ्याला कळायचंच नाही. उघड लिलाव ही त्याच्या हाताला लागलेली मोठी गोष्ट आहे. बाजार समितीच्या आवारात या कायद्याच्या जोडीला १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी पणन कायदाही लागतो, त्यामुळे तिथल्या विक्रीची हिशेबपट्टी नेहमी मागून घ्या.

आता दर्जा. 'बघून घेतलंय ना, मग आता तक्रार कसली?' हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. खरेदीदाराने डोळे उघडे ठेवायचे हा मूळ नियम आहेच. पण कायद्याने त्याला मोठी भोकं पाडली आहेत, आणि ती खरेदीदाराच्या बाजूने आहेत.

वर्णनावर माल विकला तर माल वर्णनाबरहुकूम हवा. बिलावर 'राजापुरी' आणि पोत्यात दुसरंच वाण, तर करार मोडला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून 'सांगली हळद' हे नुसतं कौतुकाचं नाव राहिलं नाही, ते वर्णन आहे. बाहेरची हळद त्या नावाने विकणारा मानांकनाचा कायदा मोडतोच, शिवाय खरेदीदाराशी केलेला करारही मोडतो.

नमुन्यावर माल विकला तर ढिगारा नमुन्यासारखा हवा, आणि तो नमुन्याशी पडताळून बघायची पुरेशी संधी खरेदीदाराला मिळायला हवी. एवढंच नाही. नमुना नीट तपासूनही दिसणार नाही असा दोष मालात असेल आणि त्यामुळे तो विकण्याजोगा राहत नसेल, तर त्याचीही जबाबदारी विकणाऱ्याची. वरून सोन्यासारखं दिसणारं, पॉलिश केलेलं हळकुंड मोडलं आणि आत काळं निघालं, तर 'तुम्ही बघितलं होतं' हा बचाव टिकत नाही. उलट पोतं उघडताच दिसणारी कणी आणि माती, जी बघताना दिसायलाच हवी होती, त्याबद्दल मागाहून ओरडून उपयोग नाही.

तिसरं भोक गरजेचं. 'मला हे अमुक कामासाठी हवंय, काय देऊ ते तुम्हीच सांगा' असं म्हणून विकणाऱ्याच्या माहितीवर विसंबून घेतलं, आणि विकणारा त्याच धंद्यातला असेल, तर माल त्या कामाला यायला हवा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराने अमुक तापमानाला टिकणारी पट्टी मागितली आणि ती महिन्यात वितळली, तर तो हे कलम धरू शकतो. पण त्याने स्वतःच ब्रँडचं नाव सांगून 'हीच द्या' म्हटलं असेल, तर त्याची बाजू पडते.

माल चुकीचा आला तर करायचं काय, इथे माणसं हातातली केस घालवतात. कमी आला तर सगळा नाकारता येतो किंवा आला तेवढा ठेवून तेवढ्याचेच पैसे देता येतात. जास्त आला तर ठरलेला ठेवून वरचा परत, किंवा सगळाच परत. दुसरा माल मिसळलेला असेल तर बरोबर असलेला ठेवून बाकी नाकारता येतो, किंवा सगळाच नाकारता येतो. हे ३७ वं कलम. मात्र नाकारायचं असेल तर वेळेत कळवा. माल ठेवून घेतला, त्यातली दहा पोती पुढे विकली, आणि महिन्याने 'माल खराब होता' म्हटलं, तर कायदा म्हणतो की तुम्ही तो स्वीकारला. मग करार मोडून माल परत करण्याचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाईचा उरतो. आणि नाकारलेला माल स्वतःच्या भाड्याने परत पाठवायची सक्ती तुमच्यावर नाही. 'मी नाकारतोय, घेऊन जा' एवढं कळवलं की पुरे. फोटो काढा, मेसेज टाका, मालाला हात लावू नका.

जांगडीचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण सराफ आणि साडीवाले रोज जांगडीवर माल देतात आणि त्यातला धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. जांगड म्हणजे 'ने, बघ, आवडलं तर ठेव, नाहीतर आणून दे'. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा ठरलेल्या मुदतीपलीकडे, मुदत नसेल तर वाजवी काळापलीकडे, माल नुसता ठेवून घेतला, तर मालकी त्याची होते. आणि त्याने मालकासारखं कृत्य केलं तरी होते. म्हणजे तुमचा जांगडीवर दिलेला हार त्याने गहाण टाकला, तर त्या कृतीनेच त्याने तो 'घेतला' असं धरलं जातं. तुम्हाला हार सोडवून आणता येत नाही, फक्त त्याच्याकडून पैसे मागता येतात, आणि तो तर आधीच पैशांच्या अडचणीत. उपाय एका ओळीचा आहे. जांगड चिठ्ठीवर लिहा, 'पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी देणाऱ्याची राहील.' मालकीची वेळ दोघांनी ठरवायची असते असं मी वर म्हटलं, ते इथे उपयोगी पडतं.

चोरीचा माल विकत घेतला तर तो आपला होत नाही, पैसे कितीही प्रामाणिकपणे मोजलेले असोत. विकणाऱ्याकडे जे नाही ते तो देऊ शकत नाही. याला थोडे अपवाद आहेत, पण जुना ट्रॅक्टर किंवा मोटर स्वस्तात मिळत असेल तर या नियमाची आठवण ठेवलेली बरी.

आता येते ते पैसे न मिळालेल्या विकणाऱ्याकडे. कायद्यात त्याला तीन हत्यारं आहेत. माल अजून ताब्यात असेल तर मालकी गेलेली असली तरी पैसे मिळेपर्यंत तो अडवून ठेवता येतो. उधारीवर दिला असेल तर उधारीची मुदत संपल्यावर, किंवा खरेदीदार पैशांनी बुडाला असेल तर. दुसरं, माल वाटेत ट्रकमध्ये असेल आणि खरेदीदार दिवाळखोर झाला असेल तर माल वाटेतच थांबवता येतो. इथे 'दिवाळखोर' म्हणजे कोर्टाने तसं जाहीर केलेलाच असं नाही. जो आपली देणी रीतसर फेडायचं थांबला आहे, तोही यात बसतो. ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी कळवायचं, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर घालायचा. परत आणायचा खर्च आपला. माल खरेदीदाराने उतरवून घेतला की हा हक्क संपला. तिसरं, माल पुन्हा विकता येतो. द्राक्षासारखा नाशवंत असेल तर लगेच. एरवी आधी नोटीस द्यायची आणि वाजवी वेळ द्यायचा. नोटीस न देता विकला आणि तोटा आला तर तो वसूल करता येत नाही, नफा झाला तर तो खरेदीदाराला द्यावा लागतो.

ही हत्यारं माल हातात किंवा वाटेत असेपर्यंतची. एकदा माल खरेदीदाराच्या शीतगृहात पोचला की पैसे न देताही तो त्याचा. तिथे जाऊन 'माझीच द्राक्षं आहेत' म्हणून पेट्या उचलून आणल्या तर गुन्हा आपल्यावर दाखल होतो. हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे मला बघवत नाहीत. वर्षभर बाग सांभाळणाऱ्या माणसाला कायदा म्हणतो की माल गेला, आता तू फक्त पैशांचा मागणीदार.

म्हणून पैशांच्या वाटा नीट माहीत हव्यात. किमतीचा दावा करता येतो. चेक मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं कायदा धरत नाही. तो वटला नाही तर आपण पुन्हा 'पैसे न मिळालेला विकणारा' होतो. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. यातली पहिली पायरी सगळ्यात जास्त चुकते, कारण समोरचा "परत टाका, या वेळी वटेल" म्हणत राहतो. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीसाठी जावं लागतं. घरच्या वापरासाठी घेतलेल्या फ्रीजची तक्रार असेल तर दिवाणी कोर्टापेक्षा ग्राहक आयोगाची वाट सोपी. ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची, आणि पुन्हा विकायला घेतलेल्या मालाला ती नाही.

या सगळ्यावर ६२ वं कलम आहे. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कराराने, आपसातल्या चालीने किंवा बाजाराच्या रिवाजाने बदलता येतात. म्हणून बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. 'माल गोदामाबाहेर पडल्यावर जबाबदारी नाही', 'सांगली न्यायक्षेत्र' या ओळी शोभेच्या नसतात. दिल्लीच्या व्यापाऱ्याला माल घालणाऱ्या बागायतदाराला ती दुसरी ओळ किती रेल्वेप्रवास वाचवते, हे वेळ आल्यावर कळतं.

आबांच्या हातात यातलं काही नव्हतं. मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. परराज्यातल्या एका व्यापाऱ्याने आमची बाग चार किलोच्या भावाने घेतली. तीन दिवस तोडणी चालली. संध्याकाळी काट्यापाशी बसून आबा वहीत वजनं लिहायचे, मी बॅटरी धरायचे. व्यापाऱ्याचा माणूस तीच वजनं त्याच्या चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी खिशात टाकायचा. पहिल्या दिवसाचे पैसे रोख मिळाले. उरलेल्याचा चेक. तो परत आला, दुसऱ्यांदा टाकला, पुन्हा परत आला. ३० दिवसांची नोटीस कुणाला माहीत होती? घरात तो शब्दही कुणी ऐकला नव्हता.

माल दिल्यापासून दावा करायला तीन वर्षं असतात. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून तीन. त्या तीन वर्षांच्या आत समोरच्याने 'एवढे देणं लागतो' असं लिहून सही केली, किंवा काही रक्कम दिली आणि त्याची त्याच्या हातची किंवा सहीची नोंद असली, तर तिथून तीन वर्षं नव्याने मोजतात. व्यापारी दर दिवाळीला आबांना फोन करायचा आणि म्हणायचा, "आबासाहेब, तुमचे पैसे ठेवलेत बाजूला, कुठं जात नाहीत." आबांना त्या फोनचा आधार वाटायचा. फोनवरच्या 'देतो' ने मुदत वाढत नाही, हे मला लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. घरी येऊन आबांची ती वही काढली. तीन दिवसांची वजनं सुरेख अक्षरात लिहिलेली, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. सही कुठेच नव्हती, आणि तोडणीच्या तारखेला तीन वर्षं होऊन वर चार महिने झाले होते.